चाळिसाव्या मिनिटाला बर्फ झालेला चहा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय : सहावी ते आठवीच्या विज्ञान अध्यापनात संगणकीय विचार आणताना येणाऱ्या अडचणी.

महोदय,

शाळांमध्ये कोडिंग आणि कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्याविषयी आपल्या दैनिकात वरचेवर मजकूर प्रसिद्ध होतो. त्यातील बराचसा मजकूर शाळांत संगणक किती आहेत, त्यांतले चालू किती आणि नवे किती घ्यावे लागतील, या हिशेबाभोवती फिरतो. हा हिशेब महत्त्वाचा आहे. परंतु सातारा जिल्ह्यातील एका अनुदानित मराठी शाळेत गेली एकवीस वर्षे सहावी ते आठवीला विज्ञान शिकवत असताना मला जी अडचण सर्वांत मोठी वाटत आली आहे, ती उद्या सगळे संगणक सुरू झाले तरी तशीच राहणार आहे. किंबहुना संगणक सुरू झाल्यावरच ती उघडी पडते. तिच्याविषयी सविस्तर लिहिण्याची परवानगी असावी.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवी या टप्प्यावर कोडिंगशी निगडित कृती आणण्याचे सुचवले आणि गणिताच्या बरोबरीने संगणकीय विचारावरही भर दिला. २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने पुढचे पाऊल टाकत कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचार हे विषय २०२६-२७ पासून तिसरीपासून पुढे आणण्याचे जाहीर केले. त्यामुळे ‘संगणकीय विचार’ हा शब्द आता परिपत्रकांत आणि प्रशिक्षणांत रुळू लागला आहे. तो रुळण्यापूर्वी त्याचा अर्थ नीट लागायला हवा होता, असे मात्र वाटते. आमच्या शिक्षककक्षात त्याचे, म्हणजे इंग्रजीतल्या ‘कॉम्प्युटेशनल थिंकिंग’चे, ‘सीटी’ झाले आणि पहिला आठवडाभर सीटी स्कॅनवरच्या विनोदांवर निभावला. मराठीत ‘संगणकीय’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर यंत्र उभे राहते, आणि मग हा विषय आपला नसून संगणकवाल्या सरांचा आहे, असे विज्ञानाचा शिक्षक मनातल्या मनात ठरवून मोकळा होतो. शब्दामुळे झालेली ही वाटणी पुढे तासिकांच्या वेळापत्रकातही उतरते.

वास्तविक या कल्पनेचा उगम विषय शिकण्याच्या रीतीत आहे. मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा घडवणाऱ्यांपैकी एक असलेले सेमूर पॅपर्ट यांनी १९८० मध्ये हा शब्दप्रयोग केला, तेव्हा मुलाने यंत्राला शिकवता शिकवता स्वतः भूमिती शिकावी, हा त्यामागचा विचार होता. २००६ मध्ये संगणकशास्त्रज्ञ जॅनेट विंग यांच्या एका छोट्या लेखामुळे तो जगभर चर्चेत आला. मोठा प्रश्न लहान तुकड्यांत फोडणे, अनावश्यक तपशील बाजूला ठेवणे, पायऱ्यापायऱ्यांची रीत लिहिणे आणि ती चुकली तर नेमकी कोठे चुकली ते शोधणे, एवढा त्याचा साधा गाभा आहे. यातली एकही गोष्ट विज्ञानाच्या शिक्षकाला परकी नाही. अडचण आहे ती प्रत्यक्ष वर्गात, आणि ती सांगण्यासाठी मला एका तासिकेची हकिकत द्यावी लागेल.

सातवीच्या सामान्य विज्ञानात ‘उष्णता’ हे प्रकरण आहे. वहन, अभिसरण, प्रारण यांच्या व्याख्या आणि थर्मासची आकृती झाली की ते संपते. एका वर्षी मी त्यात दोन तासिका वाढवल्या. कपाटात सहा तापमापक होते. त्यांवर सहा गट पाडले, शाळेशेजारच्या टपरीवरून दुधाविना चहा मागवला, तो स्टीलच्या पेल्यांत ओतला आणि दर मिनिटाला तापमान नोंदवायला सांगितले. (एका मुलाने आदल्या दिवशी घरून तापाचा तापमापक आणला होता. तो बेचाळीस अंशांच्या पुढे का जात नाही, यातच दहा मिनिटे गेली. ती वाया गेली असे मी म्हणणार नाही.) खोलीचे तापमान ३० अंश होते. चहा ८० अंशांवर असताना घड्याळ लावले. पाच मिनिटांनी तो ६८ वर आला.

तेथे मी मोजणी थांबवली आणि पुढचे तापमान न मोजता सांगायला लावले. सांगायचे तर नियम हवा. मुलांनी पटकन नियम केला : पाच मिनिटांत बारा अंश उतरले, हिशेबाला सोपे म्हणून मिनिटाला दोन अंश धरू, आणि दर मिनिटाला आधीच्या तापमानातून दोन वजा करत जाऊ. शाळेत तेव्हा चार संगणक चालू स्थितीत होते. चार गटांनी हा नियम तक्त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये भरून खाली ओढला, उरलेल्या दोन गटांनी वहीत रकाने आखून तोच हिशेब हाताने केला. संगणकावरच्या गटांना उत्तर अर्थातच आधी मिळाले. पंचविसाव्या ओळीत चहा खोलीइतका झाला, तरी कोणी थांबले नाही. चाळिसाव्या ओळीत शून्य आले, त्याच्या पुढे उणे दोन, उणे चार. एक मुलगा उठून म्हणाला, “सर, चहाचा बर्फ झाला की!” वर्ग हसला. त्याच वेळी वहीवाल्या गटातील एका मुलीने मान वर केली आणि ती म्हणाली, “आम्ही तीसलाच थांबलो. त्याच्या खाली कसा जाईल?”

महोदय, या विषयातली सर्वांत अवघड जागा माझ्या मते हीच आहे. संगणकाने काहीही चुकीचे केले नव्हते. सांगितलेला नियम त्याने इमानाने पाळला. चूक नियमात होती, आणि ती उष्णतेविषयीच्या समजुतीची चूक होती : उष्णता वाहते ती तापमानांतल्या फरकामुळे, आणि फरक घटत गेला की वाहणेही मंदावते, ही गोष्ट मुलांच्या नियमात कोठेच नव्हती. तिन्ही व्याख्या तोंडपाठ असलेल्या मुलांच्याही नियमात ती नव्हती. व्याख्या लिहिताना न दिसणारे अज्ञान नियम लिहिताना लपून राहत नाही, आणि संगणकीय विचार विज्ञानाला काही देत असेल तर ते हेच.

पण ते घेण्यासाठी त्या क्षणी शिक्षकाला थांबता आले पाहिजे. मला थांबता आले, कारण पुढची तासिका कार्यानुभवाची होती आणि ती घेणारे सहकारी रजेवर होते. दुसऱ्या तासिकेत मुलांनी खोलीपेक्षा चहा किती जास्त गरम आहे, याचा वेगळा रकाना काढला. सुरुवातीला हा फरक पन्नास होता आणि पहिल्या काही मिनिटांत चहा मिनिटाला अडीच अंशांच्या आसपास उतरत होता, म्हणजे फरकाचा साधारण विसावा भाग. ‘दर मिनिटाला फरकाचा विसावा भाग वजा करा’ असा नवा नियम झाला. त्याने दहाव्या मिनिटाला ६० आणि विसाव्या मिनिटाला ४८ सांगितले. तापमापकाने ५९ आणि ४८ दाखवले. न्यूटनने १७०१ मध्ये मांडलेला आणि आपल्याकडे मुलांना अकरावीत भेटणारा शीतलीकरणाचा नियम सातवीच्या मुलांनी नुसत्या वजाबाकी-भागाकारावर गाठला होता. एका गटाने पेल्यावर बशी झाकली होती. त्यांना विसावा भाग लागू पडेना, तिसावा घ्यावा लागला. बशीने असे काय केले, यावर मुले भांडू लागली आणि बाष्पीभवन हा शब्द मी न उच्चारता वर्गात आला.

हे सगळे वाचून चित्र सुखद वाटेल, म्हणून लगेच सांगतो की असा प्रयोग त्या वर्षी मला दोनदाच करता आला. का, ते सांगणे हाच या पत्राचा हेतू आहे.

पहिली गोष्ट वेळेची. तासिका पस्तीस मिनिटांची असते. त्यात हजेरी, साहित्य मांडणे, मोजणे, नियम लिहिणे, नियम तपासणे आणि चुकल्यावर तो बदलणे इतके सगळे बसत नाही. शेवटची पायरी नेहमी कापली जाते, आणि शेवटची पायरीच तर विज्ञान आहे. चुकलेला नियम फळ्यावर तसाच सोडून घंटा झाली, तर मुले चुकीचा नियम घेऊन घरी जातात. यापेक्षा व्याख्या सांगितलेली बरी, असे शिक्षकाने म्हटले तर त्याला आळशी म्हणता येणार नाही. जोडतासिका हा त्यावरचा साधा उपाय आहे आणि त्याला एक पैसाही लागत नाही. परंतु शाळेचे वेळापत्रक बसवणाऱ्या माणसालाच त्यातली खरी अडचण ठाऊक असते : एका वर्गाला विज्ञानाची जोडतासिका दिली की इतर चार शिक्षकांच्या तासिका हलतात.

दुसरी गोष्ट विषयातल्या विषयांत होणाऱ्या भांडणाची, आणि ती फारशी कोणी बोलत नाही. समीकरण म्हणजे तराजू, दोन्ही पारडी सारखी, हे सहावीत गणिताच्या शिक्षकाने मोठ्या कष्टाने पटवून दिलेले असते. संगणकाला सांगताना आपण लिहितो ‘त = त − २’. आमच्या वर्गातल्या एका हुशार मुलीने त्यावर सरळ काट मारली आणि शून्य बरोबर उणे दोन हे अशक्य आहे, असे सिद्ध करून दाखवले. तिचे शंभर टक्के बरोबर होते. येथे बरोबरचे चिन्ह तराजूचे नाही, ते आज्ञेचे आहे. जुन्या तापमानातून दोन काढून तेच नवे तापमान म्हणून ठेव, अशी ती आज्ञा आहे. हे मला आता दोन ओळींत लिहिता येते. त्या दिवशी वर्गात ते समजावताना माझी तारांबळ उडाली, कारण ते मला कधी कोणी शिकवलेच नव्हते. शेवटी आम्ही ‘जुने तापमान’ आणि ‘नवे तापमान’ असे दोन रकाने केले आणि वाट काढली. चिन्ह एकच, अर्थ गणिताच्या तासाला एक आणि विज्ञानाच्या तासाला दुसरा. बारा वर्षांच्या मुलाला याचा जाच होतो, आणि तो जाच दोन्ही विषयांच्या शिक्षकांनी एकत्र बसल्याशिवाय मिटत नाही.

शब्दांचेही तसेच. निसर्गातील एखाद्या घडामोडीची नियमांतून केलेली प्रतिकृती या अर्थी ‘मॉडेल’ म्हणावे, तर आपल्या शाळांत मॉडेल म्हणजे विज्ञान प्रदर्शनातला थर्मोकोलचा ज्वालामुखी. “उद्या चहाचे मॉडेल करायचे आहे,” असे सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्याची किटली आलेली मी पाहिली आहे. ‘प्रतिमान’ हा शब्द काटेकोर आहे, पण मुलांच्या तोंडी बसत नाही. मी हल्ली ‘नियमांचा खेळ’ म्हणतो. पाठ्यपुस्तक मंडळाने यासाठी एखादा सुटसुटीत शब्द ठरवून सहावीपासूनच वापरावा, असे वाटते.

येथे परदेशातील एका अभ्यासाचा उल्लेख करतो, कारण त्याने मला धीर दिला. अमेरिकेत टेनेसी राज्यातील व्हँडरबिल्ट विद्यापीठात गौतम बिस्वास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधल्या वर्गांतील मुलांसाठी एक संगणकीय वातावरण तयार केले. त्यात मुले आधी गतीची आणि मग मत्स्यालयातील परिसंस्थेची प्रतिमाने स्वतः घडवतात. मुले नेमकी कोठे अडखळतात, याचा त्यांनी अभ्यास केला आणि २०१६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. अडचणींचे त्यांनी पाडलेले प्रकार आमच्या फळ्यावरून उचलावेत इतके ओळखीचे आहेत : विषयाचेच ज्ञान अपुरे असणे, प्रतिमान घडवता व तपासता न येणे, आज्ञा लिहिण्यातल्या चुका, आणि एकेकट्या घटकाच्या वागण्यातून सगळ्या समूहाचे वागणे कसे घडते हे न उमगणे. आपल्याकडे सगळा जोर तिसऱ्या प्रकारावर आहे, कारण आज्ञा लिहिणे हे दाखवायला सोपे आणि मोजायला सोपे. उरलेल्या तिन्हींकडे पाहायला कोणाला सवड नाही.

चौथ्या प्रकाराचा अनुभव मैदानावरचा आहे. पाण्याच्या ग्लासात पोटॅशियम परमँगनेटचा खडा टाकला की जांभळा रंग हळूहळू सगळीकडे पसरतो. असे का होते, हे विचारल्यावर मुले म्हणतात की रंगाला मोकळ्या जागेकडे जायचे असते. मोठी माणसेही असेच म्हणतील. मी बेचाळीस मुलांना मैदानात फक्कीने आखलेल्या घरांच्या मधल्या रेषेवर उभे केले आणि प्रत्येकाला एकेक नाणे दिले. छापा पडला तर एक घर उजवीकडे, काटा पडला तर एक घर डावीकडे. कोणाकडे पाहायचे नाही, कोठे जायचे ते ठरवायचे नाही. दहा वेळा नाणी उडाली. मग जो जेथे आहे तेथे बसायला सांगितले आणि मोजले : मधल्या रेषेवर अकरा जण, दुसऱ्या घरात डावीकडे नऊ आणि उजवीकडे आठ, चौथ्या घरात दोन्हीकडे पाच-पाच, सहाव्या घरात डावीकडे एक आणि उजवीकडे दोघे, आणि एक बिचारा उजवीकडे पार आठव्या घरात एकटा. बाहेर जायचे असे कोणी ठरवले होते का, असे विचारल्यावर मुले एकमेकांकडे बघू लागली. कोणीच ठरवले नव्हते, तरी घोळका पसरला होता.

यापुढचा प्रश्न मी योजलेला नव्हता. एका मुलीने विचारले, “सर, पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या घरात कोणीच का नाही?” दहा पावले सम आहेत, एकेका घराने मागे-पुढे केले तर सम पावलांनंतर माणूस सम घरातच सापडणार, हे मुलांनीच शोधले. त्यावर मी विचारले, की मग पाण्यातही रंगाचे कण एक घर सोडून बसतात का? बराच वेळ शांतता होती. मग मागून आवाज आला, “नाही, ते आपल्या खेळामुळं झालंय.” निसर्गाची गोष्ट कोणती आणि आपण केलेल्या नियमांची गोष्ट कोणती, हे वेगळे करता येणे माझ्या लेखी त्या वर्षातली सर्वांत मोठी शिकवण होती. तिला वीज, इंटरनेट किंवा पडदा लागला नाही. फक्की लागली आणि बेचाळीस नाणी, त्यांतली अडतीस परत आली.

संगणकाविना करता येण्याजोग्या अशा कृती आपल्या देशात तयार होत आहेत. एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सुरू केलेला सीएसपाठशाला हा उपक्रम त्यावरच उभा आहे, आणि लिथुआनियात २००४ मध्ये सुरू झालेली बेब्रास ही कोड्यांची स्पर्धा त्याच्यामार्फत आपल्याही मुलांपर्यंत येते. ही कोडी मला आवडतात आणि मी ती वर्गात वापरतो. तरीही माझी एक तक्रार आहे. कोड्यात निसर्ग नसतो. कोड्याचे उत्तर कोडे घालणाऱ्याला ठाऊक असते; चहाचे उत्तर तापमापकालाच ठाऊक असते. कोडी सोडवण्यात तरबेज झालेली मुले स्वतः मोजलेल्या आकड्याने नियम मोडला की गोंधळतात आणि आकडाच बदलून टाकतात. त्या दिवशी एका गटाने ५९ खोडून ६० लिहिले होते. मी विचारले तर म्हणाले, “सर, संगणकात साठ आलंय.” आपल्याला या मुलांना पुढे विज्ञान शिकवायचे असेल, तर खोडलेल्या त्या ५९ ची काळजी चालू-बंद संगणकांपेक्षा जास्त करावी लागेल.

संगणकांविषयी लिहिणार नव्हतो, पण थोडे लिहायला हवे. देशभरातल्या शाळांची माहिती गोळा करणाऱ्या ‘यूडायस प्लस’ या सरकारी व्यवस्थेच्या २०२३-२४ च्या अहवालानुसार देशातील सुमारे ५७ टक्के शाळांत चालू स्थितीतील संगणक होते आणि सुमारे ५४ टक्के शाळांत इंटरनेट. ‘चालू स्थिती’ या शब्दांत बरेच काही मावते. आमच्या प्रयोगशाळेतले दहा संगणक एका योजनेतून आले होते. कंत्राटाची मुदत संपली तसे संगणक शिक्षक गेले, यूपीएसच्या बॅटऱ्या गेल्या आणि हळूहळू दहाचे चार झाले. सव्वाचारला वीज जाते, तीही ठरल्यासारखी. मुलांनी स्वतः वस्तू घडवून पाहाव्यात यासाठीच्या नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि देशात अशा १०,००० प्रयोगशाळा उभ्या राहिल्या आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु अशा प्रयोगशाळा मी ज्या दोन-तीन शाळांत पाहिल्या, तेथे त्या स्पर्धेच्या तयारीतील आठ-दहा मुलांच्या झाल्या होत्या. उरलेला वर्ग खिडकीतून बघत होता.

प्रशिक्षणाविषयी थोडे कडक लिहावे लागते. कोडिंगच्या तीन दिवसांच्या एका प्रशिक्षणाला मी गेलो होतो. पडद्यावरचे मांजर डावीकडून उजवीकडे कसे चालवायचे, ते वळवायचे कसे आणि त्याला म्याँव कसे करायला लावायचे, हे तिन्ही दिवस चालले. घेणारे तरुण होते, उत्साही होते, आणि त्यांच्यावर माझा राग नाही. मी एकदाच विचारले की मांजराचा वेग दर सेकंदाला वाढवायचा असेल तर काय करायचे, म्हणजे आठवीला त्वरण समजावता येईल. “ते ॲडव्हान्स्ड आहे, सर,” असे उत्तर मिळाले. वस्तुतः ते एका ओळीचे काम आहे : वेगाच्या रकान्यात दर पावलाला ठरावीक आकडा मिळवायचा आणि मग स्थानाच्या रकान्यात तो वेग मिळवायचा. गती, वेग, त्वरण यांतला फरक मुलाला पाठ्यपुस्तकातल्या तीन परिच्छेदांपेक्षा या दोन रकान्यांतून जास्त लवकर कळतो. पण प्रशिक्षण देणाऱ्याला विज्ञान शिकवायचे नव्हते, आणि घेणाऱ्यांपैकी निम्मे भाषेचे शिक्षक होते. ज्याच्या तासिका कमी त्याला पाठवावे, असा तालुक्याला निरोप होता.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीसाठी विज्ञान व गणिताला मिळून किमान एक शिक्षक असलाच पाहिजे. लहान शाळांत हा किमान आकडाच कमाल ठरतो. तोच शिक्षक विज्ञान शिकवतो, तोच गणित शिकवतो, एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी तोच करून घेतो, प्रदर्शनाची मॉडेल्स तोच करवून घेतो, आणि निवडणूक आली की मतदारयादी घेऊन घरोघर तोच फिरतो. बरोबरच्या चिन्हाचा वाद अशा शाळेत एकाच डोक्यात मिटायला हवा, हे मान्य. पण त्या डोक्याला बसून विचार करायला एक दुपार मोकळी मिळत नाही.

आणखी एक भीती नोंदवतो. पडद्यावरचा प्रयोग स्वस्त, सुरक्षित आणि झटपट असतो, म्हणून तो खऱ्या प्रयोगाची जागा घेऊ लागला आहे. दोरी-गोळ्याचा लंबक अडीच रुपयांत होत असताना मोबाइलवर लंबक दाखवला जातो. पडद्यावरचा लंबक कधी भिंतीला आपटत नाही, त्याची दोरी सुटत नाही, आणि त्याच्या आत कोणी कोणते सूत्र भरले आहे ते मुलाला दिसत नाही. मुलाने स्वतः नियम लिहून चालवलेला लंबक आणि दुसऱ्याने बनवून दिलेला लंबक यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, तरी परिपत्रकात दोन्ही ‘डिजिटल अध्यापन’ या एकाच रकान्यात जमा होतात. माझा आग्रह असा आहे की आधी हाताने मोजावे, मग नियम लिहावा, आणि पडदा असलाच तर तो तिसऱ्या पायरीवर यावा. हा क्रम उलटला की मुलांचा तापमापकावरचा विश्वास उडतो.

मूल्यमापनाची अडचण लोकांना वाटते तेवढी मोठी नाही. महाराष्ट्रात २०१० पासून चालत आलेल्या आकारिक, म्हणजे वर्षभर शिकतानाच होणाऱ्या, मूल्यमापनात प्रयोग, उपक्रम आणि प्रकल्प यांना जागा आहेच. मुलाचा पहिला नियम, तो कोठे फसला त्याची नोंद आणि बदललेला नियम, एवढी वहीची दोन पाने गुण द्यायला पुरेशी आहेत. मी तसे गुण दिले. मात्र चुकलेल्या पहिल्या नियमालाही गुण कसे, असे दोन पालक विचारायला आले होते, आणि त्यांची समजूत काढताना मुख्याध्यापकांनी माझी बाजू घेतली म्हणून निभावले. मुलाची चूक वहीत जपून ठेवायची असते, ही गोष्ट आपल्या लाल शाईच्या परंपरेत कोणाला चटकन पटत नाही, मलाही ती पटायला पंधरा वर्षे लागली.

म्हणून शासनाकडे आणि पाठ्यपुस्तक मंडळाकडे आपल्या दैनिकामार्फत माझे मागणे मर्यादित आहे. संगणकीय विचाराचे वेगळे पुस्तक आणि वेगळी तासिका करण्याची घाई नसावी. केलीच तर ती विज्ञानाच्या तासिकेतून कापून करू नये. त्याऐवजी सहावी, सातवी आणि आठवीच्या विज्ञानातली प्रत्येकी दोन प्रकरणे निवडावीत, आणि तेवढीच या रीतीने पूर्ण लिहावीत. सातवीला उष्णता घ्यावी, आठवीला परिसंस्था घ्यावी. त्या प्रकरणांना जोडतासिका द्याव्यात आणि त्यांच्या बदल्यात इतरत्र थोडा अभ्यासक्रम कमी करावा. प्रशिक्षण विज्ञान आणि गणिताच्या शिक्षकांना एकत्र द्यावे, मांजरावाचून द्यावे, आणि त्यात प्रत्येकाने निदान एक नियम चुकवून तो दुरुस्त केलेला असावा. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून विज्ञान शिक्षणावर संशोधन करत आहे. अशा संस्थेच्या मदतीने सहा प्रकरणांचे साहित्य मराठीत तयार होणे अशक्य नाही.

एक मागणी त्याहूनही लहान आहे. शाळेच्या अनुदानात साहित्याची खरेदी वर्षातून एकदा, बहुधा मार्चमध्ये, होते. ‘उष्णता’ हे प्रकरण त्याच्या कितीतरी आधी येते. सहापैकी दोन तापमापक गेल्या वर्षी फुटले, तिसऱ्यातला पारा तुटक दिसतो. यंदा सातवीत एकावन्न मुले आहेत आणि त्यांतल्या दोघांनी, मोठ्या भावंडांकडून ऐकून, चहा कधी करायचा म्हणून आत्ताच विचारले आहे. तीन तापमापकांवर एकावन्न मुलांचे गट कसे पाडावेत, याचा हिशेब मी सध्या करतो आहे.

आपला विश्वासू,
एक विज्ञान शिक्षक,
जि. सातारा